बदली शिवदास

"मी येत नाही," लताने बॅगेवरच बसकण मारली. "ते घरी आले आणि दाराला कुलूप दिसलं, तर जातील कुठे?"

शिवदास गजभिये तिच्यासमोर गुडघे टेकून तिच्या सँडलचा पट्टा लावत होता. ज्यांच्यासाठी ती अडून बसली होती ते 'ते' म्हणजे तोच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नागपूरच्या बुद्धविहारात तिने ज्याला हार घातला होता, तोच हा माणूस. फक्त हे लता सोडून सगळ्यांना मान्य होतं.

"अर्ध्या तासात टॅक्सी येते, लता. विमान काही आपल्यासाठी थांबत नाही."

"मग तू जा ना. तुझ्या कंपनीत तुला परत जमा व्हायचं असेल. मी नाही अडवत."

रागाने बोलली असती तर शिवदासला बरं वाटलं असतं. पण लता त्याच्याशी फार मायेने बोलायची, घरातल्या जुन्या मिक्सरबद्दल बोलावं तसं.

आज शनिवार होता. लताला एकटं ठेवणं अशक्य झालं तेव्हा शिवदासने नोकरीचा राजीनामा दिला. सिंगापूरचा कायदा सरळ आहे, नोकरी गेली की तिथे राहायचा पास गेला. उद्या देश सोडायची मुदत संपत होती. टॅम्पिनीसच्या या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली घ्यायला घरमालक नऊला येणार होता. तिकडे त्यांची मुलगी प्रियदर्शिनी, घरातली पियू, मेलबर्नहून रजा काढून नागपूरला घर लावून बसली होती. सगळं जुळून आलं होतं. फक्त जिला न्यायचं ती उठत नव्हती, आणि हात धरून ओढलं की ती किंचाळायची, हे मागच्या आठवड्यात लिफ्टपाशी कळलं होतं.

हे सगळं त्या कोरियन मालिकेने केलं, असं प्रियदर्शिनीचं ठाम मत होतं. मालिका होती मात्र मजेशीर. समुद्रकाठच्या गावात बेकरी चालवणारी एक पोरगी, तिचा होणारा नवरा जहाजावर. तो येईपर्यंत तिला करमावं म्हणून एक कंपनी हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव पाठवते. बिचाऱ्याला खाता येत नाही. चारचौघांत बसला की प्रत्येक घास शर्टाच्या आत लपवलेल्या पिशवीत टाकतो, आणि कोणी बघत नसलं की फ्रीजमागे उभं राहून स्वतःला चार्ज करून घेतो. लताने हिंदी डबिंगमध्ये सोळाच्या सोळा भाग तीनदा पाहिले होते. पोट धरून हसायची.

शिवदासला तेव्हा या मालिका म्हणजे वेळेचा चुराडा वाटायच्या. एकदा फोनमधून डोकं न काढता तो म्हणाला होता, "यंत्रावर कोणी प्रेम करते का?"

"मी नाही का केलं?" लता म्हणाली होती. तेव्हा तो कंपनीच्या मेसेजला उत्तर देत होता.

पुढे तिचा विस्मृतीचा आजार कळला. पंचावन्नही न ओलांडलेल्या बाईला हा आजार, यावर त्याचा विश्वासच बसेना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. चेहरा ओळखणारी वाट शाबूत आहे, पण आपल्या माणसाला पाहून आत जे हलतं त्याची वाट तुटली आहे. चेहरा तोच दिसतो आणि मन म्हणतं, हा तो नाही. "त्यांच्याशी वाद घालू नका," त्या म्हणाल्या. मालिकेने या पोकळीला नुसतं एक नाव पुरवलं. एका सकाळी शिवदासने वेणी घालून दिल्यावर लताने आरशात त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुला कोणी पाठवलं रे?"

त्या दिवसापासून 'अहो-अजी' गेलं आणि 'तू' आलं.

पण वाद घालणार नाही तर तो शिवदास कसला! सव्वीस वर्षं त्याने चिप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी केली होती. कोणता नग पास, कोणता नापास, हे ठरवणं हीच त्याची रोजीरोटी. त्याने ठरवलं, आपणही परीक्षा देऊ. सकाळी लग्नाचा अल्बम काढून व्यवस्थित घोकंपट्टी केली आणि दुपारी तिच्यासमोर बसला.

"विचार काय विचारायचं ते."

लताने विचार केला. "लग्न कधी झालं?"

"अकरा मे."

"वार?"

"रविवार."

"मी साडी कोणती नेसली होती?"

"पांढरी. निळ्या काठाची. पदराला डाग पडला होता, तू सारखी झाकत होती."

लता खिन्न हसली. "पाहिलं? यातलं एकही त्यांना सांगता आलं नसतं. माझा वाढदिवससुद्धा पियू आठवण करून द्यायची त्यांना. तू फार चांगला आहेस रे. पण ते असे नाहीत."

कारखान्यात एक खात्रीचा नग कुलपात जपून ठेवलेला असतो, नवे सगळे नग त्याच्याशी ताडून पाहायचे. लताने आपला खात्रीचा शिवदास असाच जपून ठेवला होता. तारखा विसरणारा, ओला टॉवेल पलंगावर टाकणारा, बारा-बारा तासांच्या पाळ्यांवरून येऊन मुकाट जेवणारा. हा नवा पोळ्या लाटायचा, संत्र्याच्या फोडींवरचे दोरे काढून द्यायचा, रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी हात धरून फिरवायचा. जितका चांगला वागेल तितका तो नापास होत होता. आणि हे चांगलं वागणं आपल्याला इतक्या उशिरा सुचलं, याची शरम त्याला जाळत होती.

मग एकदा त्याने वाईट वागून पाहिलं.

दुपारी बाहेर जाऊन आला. बूट दारातच वेडेवाकडे फेकले. टॉवेल ओला करून पलंगावर टाकला. सोफ्यावर पसरून फोन डोळ्यांपुढे धरला आणि तिच्याकडे न बघता ओरडला, "चहा झाला का नाही अजून?"

स्वयंपाकघराच्या दारात लता उभी राहिली. टॉवेल पाहिला, बूट पाहिले. तिचा चेहरा उजळत गेला.

"अजी! कधी आलात तुम्ही?"

वर बघायचं नाही, त्याने स्वतःला बजावलं. "आत्ताच. चहा टाक."

"सांगून तरी जायचं. मी किती वाट पाहून राहिले इथे! घरात तो एक येऊन बसलाय, तुमच्यासारखाच दिसते. चांगला आहे पण. वेणी घालून देते माझी." ती बोलत बोलत आत गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. लता गुणगुणत होती. कित्येक महिन्यांत हे घर असं वाजलं नव्हतं. फोनवरची अक्षरं शिवदासला दिसत नव्हती, तरी तो अंगठा फिरवत राहिला.

इतक्यात आतून "आई गं" असं ऐकू आलं.

जुना शिवदास बसल्या जागेवरून "काय झालं?" एवढंच म्हणाला असता. हा धावला. दूध उतू गेलं होतं, तिने भांडं नुसत्या हाताने उचलू पाहिलं होतं. त्याने गॅस बंद केला, तिची बोटं नळाखाली धरली आणि त्यांच्यावर फुंकर घालू लागला. फुंकर घालताना त्याने वर पाहिलं.

लताचा चेहरा पुन्हा परका झाला होता.

"तू होय," ती म्हणाली. आणि दिवाणखान्याकडे बघून म्हणाली, "गेले वाटते."

तेव्हापासून शिवदासने परीक्षा देणं सोडलं.

आता बॅगेवर बसलेल्या लताकडे पाहताना त्याने घड्याळाकडे नजर टाकली. वीस मिनिटं उरली होती. आयुष्यात त्याने कधी खोटा शिक्का मारला नव्हता, एका नगावरही नाही. त्याने सँडलचा दुसरा पट्टा लावला.

"ते इथे येणार नाहीत, लता. ते नागपूरला पोचलेत. मला निरोप आलाय, तुला घेऊन ये म्हणून."

लताने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "खरंच? स्वतः बोलले ते?"

"हो."

"काय म्हणाले? शब्द न् शब्द सांग."

इतक्या दिवसांनी बायकोला पाठवायचा निरोप. काय काय म्हणता आलं असतं.

"म्हणाले, उशीर करू नका. आणि घरी आल्याबरोबर चहा टाक म्हणावं."

लता खळखळून हसली. "हेच म्हणतील! दुसरं काय म्हणणार ते?" आणि ती उठली. आरशासमोर जाऊन केस सारखे केले, टिकली लावली आणि स्वतःहून लिफ्टकडे निघाली.

लिफ्टपाशी शेजारच्या टॅनबाई निरोपाला आणि घरमालकासाठी किल्ली ठेवून घ्यायला उभ्या होत्या. "अंकल, यू व्हेरी गुड हजबंड, ला!" सिंगापुरी ढंगात म्हणत त्यांनी डोळे पुसले.

"नॉट हजबंड," लता त्यांना समजावत म्हणाली. "हजबंड इन नागपूर."

टॅक्सीत बराच वेळ ती खिडकीतून रस्त्याकडेची झाडं बघत होती. मग एकदम वळली. "मी त्यांना भेटले की तुझं काय?"

"कंपनी परत नेईल मला."

"दुखते का तेव्हा?"

"नाही."

"त्या मालिकेतल्याला दुखलं होतं," लता म्हणाली. "फक्त त्याने सांगितलं नाही." आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. उतरेपर्यंत काढला नाही. शिवदास हललासुद्धा नाही. नागपूरच्या दारात कोणाला उभं करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला जो भेटायला हवा होता त्याला आणणं शिवदासला जमत नव्हतं, आणि शिवदासशिवाय ते दुसऱ्या कोणाला जमणारही नव्हतं.

मुंबईला जाणारं विमान समुद्रावर आल्यावर जेवणाची गाडी आली. सकाळपासून आवराआवरीत शिवदासच्या पोटात कण गेला नव्हता. पोहे केले होते ते लतापुरतेच. हवाईसुंदरीने लतापुढे ट्रे ठेवला आणि दुसरा त्याच्याकडे सरकवला.

"नो नो," लता मध्येच हात घालून म्हणाली. "ही डझ नॉट ईट."

ती मुलगी गोंधळून शिवदासकडे बघू लागली. पलीकडच्या रांगेतला एक माणूसही वळून बघत होता. शिवदासने ताठ बसून शर्टाची कॉलर सारखी केली.

"शी इज राइट," तो म्हणाला. "नॉट फॉर मी. थँक यू."

लता सावकाश जेवली. भात संपवला, दही संपवलं. पाव मात्र तसाच ठेवला. मग कागदी रुमाल पसरून तिने तो नीट गुंडाळला, चारही टोकं दुमडली आणि शिवदासच्या हातात दिला.

"हा त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "कामात असले की जेवायचं विसरून जातात. माझ्याकडे राहिला तर मी कुठे ठेवीन ते मलाच आठवायचं नाही. तू काही खात नाहीस, म्हणून तुझ्याकडे देते. सांभाळशील ना?"

"सांभाळतो."

ती त्याच्या खांद्याला डोकं टेकून झोपली. पाव अजून कोमट होता. शिवदासने तो दोन्ही हातांत धरला, आणि मुंबई येईपर्यंत तसाच धरून ठेवला.