दोन साडूंच्या मधला रेल्वेमार्ग

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, खाली बघा. ज्या खडीच्या वाटेवर तुम्ही सकाळचे फिरायला आलात ना, तोच मी. एकेकाळी माझ्यावरून गाडी धावायची. लांबी अकरा मैल, रुंदी एका गाडीपुरती, आणि उजव्या अंगाला सगळीकडे समुद्र. समुद्राशेजारी राहायला मिळावं असं माणसांना फार वाटतं. लोखंडाला विचारा! जन्मल्यापासून मला गंजाची खाज.

माझा जन्म एका तडजोडीतून झाला. समोरच्या बेटावरच्या लोकांनी पूल मागितला होता. सरकारला पूल परवडेना. म्हणून ठरलं, की शहरापासून किनाऱ्याने रूळ टाकायचे, ते बोटीच्या धक्क्यापाशी संपवायचे, आणि पुढचं पाणी लोकांनी बोटीने ओलांडायचं. कागदावर हे फार सुरेख दिसलं. पण रेल्वे चालते घड्याळावर आणि बोट चालते भरती-ओहोटीवर. हा संसार जमवताना आम्हा दोघांना कुणी विचारलंच नाही. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं की ओहोटी लागली, आणि बेटावरून टाळ्या वाजवायला निघालेली मंडळी बोटीसकट चिखलात रुतली. टाळ्या मात्र त्यांनी तिथूनच वाजवल्या.

पुढे गाळ उपसला, बोटीलाही वेळापत्रक मिळालं आणि माझं बरं चाललं. बेटावरची माणसं बोटीतून उतरायची, साठ पावलं चालून गाडीत बसायची आणि तासाभरात शहरात. शिक्षक, शिंपी, कोर्टात तारखा असलेले, दात काढायला निघालेले. जाताना सगळे गप्प आणि येताना सगळे बोलके, फक्त दातवाल्यांचं उलटं.

मग धक्क्याच्या स्टेशनवर एक नवे मास्तर आले आणि बोटीवर एक नवे कप्तान. दोघे एकमेकांचे साडू. बेटावरच्या दोन बहिणींपैकी थोरली मास्तरांची बायको, धाकटी कप्तानांची. सुरुवातीला काय ते प्रेम! कप्तान आले की मास्तर "या साडूभाऊ" म्हणत खुर्ची पुढे करायचे. आता वाटतं, खुर्ची पुढे केली नसती तर बरं झालं असतं.

एका दुपारी स्टेशनच्या क्वार्टरमध्ये दोघे जेवायला बसले होते. खिडकी उघडी आणि मी दहा पावलांवर, म्हणून सगळं ऐकलं. कप्तान हात धुता धुता सहज म्हणाले, "तुमचं काम बरं आहे हो. गाडी रुळावर, रूळ जमिनीवर. झोपलात तरी पोचते."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "आणि तुमची बोट? भरती असली की ओंडकासुद्धा पोचतो. त्याला कुणी कप्तान म्हणत नाही!"

झालं. त्या दिवसापासून अबोला. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल नऊ वर्षं!

दोघांनी आपापली घड्याळं कवटाळली. गाडी सुटायची दहा चाळीसला. बोट लागायची दहा बेचाळीसला. मास्तर म्हणायचे, "त्यांनी दोन मिनिटं आधी निघावं." कप्तान म्हणायचे, "त्यांनी दोन मिनिटं थांबावं." हेही तोंडाने नाही, पत्राने. साठ पावलांवरच्या माणसाला मास्तर "महोदय" असं लिहून तिकीट कारकुनाच्या हाती पाठवायचे. पलीकडून उत्तर यायचं, "महाशय".

मध्ये मरण प्रवाशांचं. बोट पुरती टेकायच्या आत माणसं उड्या मारायची आणि रखडत निघालेल्या गाडीमागे धावत सुटायची. एक न्हावी आपली खुर्ची डोक्यावर घेऊन धावायचा. एक बाई दोन कोंबड्या काखेत घेऊन धावायच्या, त्यातली एक रोज निसटायची आणि बाईंच्या आधी गाडीत चढायची. बाकीचे धक्क्यावर उभे राहून गाडीच्या शेपटीला शिव्या द्यायचे. शिव्या ऐकायला तिथे कोण, तर मी.

माणसं किती दिवस धावणार? हळूहळू ती कोळ्यांच्या मचव्यांतून परस्पर शहर गाठू लागली. गाडी रिकामी, बोट रिकामी. माझ्या रुळांमध्ये गवत इतकं वाढलं की बाईंची निसटलेली कोंबडी त्यात अंडी घालायला लागली.

आणि वरच्या कचेरीतून पत्र आलं. गुरुवारी एक साहेब येणार, बोटीतून उतरून गाडीत किती माणसं बसतात ते बघणार, आणि फारशी बसत नसतील तर मला बंद करणार. मी बंद म्हणजे बोटही बंद. मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मला वाटलं, आता तरी नरमतील. पण ते उठले आणि त्यांनी घड्याळाला चावी दिली.

त्याच गुरुवारी दोघांच्या सासूबाईंना शहरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायचं होतं. पाच महिन्यांनी मिळालेली तारीख. म्हातारी धाकटीकडे बेटावर राहायची, म्हणजे येणार कप्तानांच्या बोटीने आणि पुढे जाणार मास्तरांच्या गाडीने. म्हणजे खरं तर जाणारच नव्हती.

गुरुवार उजाडला. साहेब फलाटावर वही उघडून उभे. गाडीत चार माणसं आणि एक कोंबडी. दहा वाजून अडतीस मिनिटांनी क्वार्टरचं दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. एका हातात पाट, दुसऱ्या हातात मटारच्या शेंगांनी भरलेलं पातेलं आणि त्यातच एक वाटी. फलाट उतरून ती खाली आली, इंजिनाच्या पुढ्यात माझ्या दोन रुळांच्या मध्ये पाट ठेवला आणि ऐसपैस बसली. टप्, टप्, मटार सोलायला सुरुवात.

मास्तर धावत आले. "अगं, हे काय! ऊठ!"

"आई येतेय. ती गाडीत बसली की उठते."

"अगं, हे सरकारी काम आहे!"

"मग सरकारला सांगा, मी बसलेय."

सरकार फलाटावरच उभं होतं. साहेब खाकरले आणि म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे..."

"भाऊ, हे जरा धरा," असं म्हणून तिने सोललेल्या दाण्यांची वाटी त्यांच्या हातात दिली. वाटी हातात आल्यावर नियम सांगता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दहा चाळीस झाले. दहा एक्केचाळीस झाले. नऊ वर्षांत प्रथमच गाडी उभी होती आणि बोट समोर येताना दिसत होती.

आणि आता ऐका कप्तानांची अक्कल. गाडी उभी पाहून त्यांना वाटलं, आपण लवकर पोचलो! म्हणजे मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे वागलो! म्हणजे हरलो! त्यांनी धक्क्यापासून दोन हातांवर इंजिन बंद केलं आणि बोट पाण्यातच थांबवली.

"अहो, लावा ना बोट!" धाकटी ओरडली.

"वेळ व्हायची आहे," कप्तान म्हणाले.

इकडे थोरली रुळात, तिकडे धाकटी बोटीत, आणि मधल्या दोन हात पाण्यावर दोघांची नऊ वर्षांची अक्कल तरंगत होती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. काठी टेकत बोटीच्या कडेला आल्या. "थांबली वाटतं बोट. आला ना धक्का?" असं म्हणत त्यांनी एक पाय उचलला, सरळ पाण्यावर.

बोटीत एकच आरडाओरडा झाला. धाकटीने त्यांचा पदर पकडला. त्या हिसक्याने बोट हेलकावली आणि मागे सरकू लागली. आणि माझ्या अंगावरून, स्लीपरवर स्लीपर ओलांडत, मास्तर धावत सुटले. नऊ वर्षं ज्यांना पळताना पाहून ते शिट्टी फुंकत, त्यांच्यासारखेच धावले. टोपी कुठे, बूट कुठे. धक्क्याच्या टोकाला जाऊन ओरडले, "साडूभाऊ, दोर फेका!"

कप्तानांनी दोर फेकला. मास्तरांनी झेलला. दोर बांधायचा खुंट कुठे आहे ते बोटवाल्यांना ठाऊक. मास्तरांना ठाऊक असलेली घट्ट गोष्ट एकच, मी. त्यांनी दोर माझ्या शेवटच्या रुळाला गुंडाळला आणि स्वतः त्याला लोंबकळले. बोट ओढली जाऊन धक्क्याला लागली, सासूबाई कोरड्या पायांनी उतरल्या, आणि मास्तर पाय घसरून कमरेइतक्या चिखलात गेले.

कप्तानांनी हात देऊन त्यांना वर काढलं.

"काम अवघड आहे हो तुमचं," मास्तर चिखल पुसत म्हणाले.

"तुम्ही धावलात मात्र झकास," कप्तान म्हणाले.

त्या दिवशी बोटीतल्या, धाकटीने बेटावर घरोघर फिरून जमवलेल्या एक्केचाळीस माणसांनी साठ पावलं चालत ओलांडली. साहेबांनी वहीत आकडा लिहिला आणि जाताना वाटी परत केली. दाणे थोडे कमी होते. मी वाचलो. वेळापत्रक बदललं: गाडी एक मिनिट उशिरा, बोट एक मिनिट लवकर. दोन्ही मिनिटं आपणच दिली असं दोघेही अजून सांगतात.

ऑपरेशन झाल्यावर सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून परत आल्या. थोरलीने विचारलं, "आई, खरंच दिसलं नव्हतं का गं पाणी?"

"एका डोळ्याने दिसत नव्हतं," म्हातारी म्हणाली. "दुसरा चांगला होता."

त्यानंतर मी सव्वीस वर्षं धावलो. मग बेटाला एकदाचा पूल मिळाला. शेवटच्या गाडीला ही गर्दी! दहा वर्षांत जे फिरकले नव्हते तेसुद्धा डोळे पुसत फोटो काढत होते. म्हटलं, बाबांनो, एवढे रोज आला असतात तर रडायची वेळ आली नसती. रूळ उचलून नेले. कुणाच्या गोठ्याची तुळई झाली, कुणाच्या फाटकाचा खांब. कुठे दिसलो तर वर्षातून एकदा रंगाचा हात मारा, खाज कमी होईल. खडी तेवढी इथेच राहिली आणि मी फिरायची वाट झालो.

दोघे साडू रोज सकाळी येतात. मास्तरांचे गुडघे गेलेत. कप्तान पुढे निघून जातात, मग मध्येच उभे राहून समुद्राकडे बघत बसतात, मास्तर येईपर्यंत. तुमच्यासाठी थांबलो असं काही ते म्हणत नाहीत.

"काय बघताय?" मास्तर धापा टाकत विचारतात.

"बगळा होता."

"कुठाय?"

"उडाला."

तीन वर्षं झाली, मी इथे एकही बगळा पाहिलेला नाही. पण तुम्ही आता पुढे जाल तेव्हा ते दोघे भेटतील. त्यांनी विचारलंच, तर कृपा करून सांगा, हो, आत्ताच उडाला.