विलायती निरोप

२०१६ सालची गोष्ट. मधुसरांनी मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानातून इंग्रजी चित्र आणलं. अठराव्या शतकातली छपाई, वरून हाताने रंग भरलेले. लाल कोटातला शिपाई लढाईला निघालाय, बायको तान्ह्या मुलासकट त्याला बिलगलीय, मागे जहाज उभं आहे. मस्कतच्याच गाला भागातल्या त्यांच्या कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात हाच देखावा उभा करायचं सरांनी ठरवलं. शिपाई झाला त्यांच्या हाताखालचा इंजिनीअर लहू. बायको म्हणून त्याचीच बायको अनुसया, आणि सात महिन्यांची मुलगीही त्यांचीच.

तालमीत अनुसयाला काही केल्या रडू येईना. चित्र बघून तिने विचारलं, "या बायकांना सोबत जाता यायचं नाही?"

"मोजक्याच जणींना. चिठ्ठ्या काढायचे," सर म्हणाले.

"आणि जिची चिठ्ठी निघाली नाही ती?"

"तिचं पुढे काय झालं, त्याचं चित्र कोण विकत घेणार, वहिनी?"

शुक्रवारी दुपारी मेळावा भरला. पडदा उघडला तेव्हा दोघं चित्रातल्यासारखी निश्चल उभी होती. सरांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, हा देखावा खरा आहे. आपला लहू रविवारपासून तिकडे दूर दुक्मच्या बंदरावर, दोन वर्षांसाठी. तिथे फॅमिलीची सोय नाही. वहिनी आणि बाळ बुधवारी नागपूरला परत जातायत."

अनुसयाने मान वर करून लहूकडे पाहिलं. तो ओठ न हलवता पुटपुटला, "हलू नकोस."

मग तिचे डोळे वाहू लागले. मुलगी घाबरून किंचाळली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फोटोग्राफर पुढे आला आणि त्याने मुलीचं तोंड कॅमेऱ्याकडे करायला सांगितलं. लहूने ते केलं.

दोघं गाडीतून घरी निघाली. अनुसया म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

"आणि मला?"

"सर म्हणाले, आत्ता सांगू नकोस. त्या दिवशी खरं रडू येईल." मग तो म्हणाला, "सरांना नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती."

"असं म्हणाले ते?"

लहू समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. "म्हणाले नाहीत," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी विमानतळावर सोडायला येण्यासाठी त्याने दुक्महून एक दिवसाची सुट्टी काढली. सहा तास गाडी चालवून आला. सामान गेल्यावर त्याने मुलीला घ्यायला हात पुढे केले.

"झोपलीय," अनुसया म्हणाली.

मुलगी टक्क जागी होती. अनुसयाने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत निघून गेली.

दुक्महून तो रोज फोन करायचा. ती मुलीचं वजन सांगायची, कुठली लस झाली ते सांगायची आणि फोन ठेवायची. तिसऱ्या महिन्यापासून फोन तिची आई घेऊ लागली.