श्रीगोंद्याला न गेलेला प्रश्न

मी एक जुना मोडेम आहे. पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी पडून असतो. मित्रांनो, फोनच्या तारेतून कॉम्प्युटरची पत्रं पोचवणं हे माझं काम. तार जोडली की मी असा केकाटायचो की मुलं मला कोंबडा म्हणत. मला राग येत नसे.

१९९८ साली रंगनाथ सरांनी मला शाळेत आणलं. त्यांनी नववीची पाच मुलं आणि श्रीगोंद्याच्या एका शाळेतली पाच मुलं, असा गट जमवला. दोन्हीकडच्यांनी आपापल्या विहिरींत दोरी सोडून पाणी मोजायचं आणि दर शनिवारी एकमेकांना कळवायचं. सरांची अट एकच होती. प्रत्येक पत्रात एक तरी प्रश्न हवा, आणि त्याचं उत्तर पुस्तकात सापडता कामा नये.

सुरुवातीचे प्रश्न अगदीच पोरकट होते. मग आमच्या यशोधरानं विचारलं, "पाऊस दोन्हीकडं कमीच. मग तुमच्याच विहिरींना पाणी कसं?" श्रीगोंद्याच्या हर्षलनं कळवलं, "आमच्याकडं कालवा आहे." आठवडाभर मुलं आकडे ताडून पाहत होती, भांडत होती. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

पुढच्या शनिवारी यशोधरा नवा प्रश्न घेऊन आली. "सर, कालवा कुठून न्यायचा ह्ये कोन ठरवतं? आमाला कुनी इचारलं हुतं का?"

सरांचा चेहरा खुलला. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

"रंगनाथराव, परीक्षक उत्तर बघतात, प्रश्न नाही. गाईडातलं पाण्याचं महत्त्व तक्त्यावर उतरवून घ्या."

सरांनी गाईड उघडलं. फोन करायचा म्हणून मुख्याध्यापकांनी माझी तार काढून नेली. यशोधराचा प्रश्न माझ्यातून श्रीगोंद्याला गेलाच नाही.

तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मलाही हळदकुंकू लागलं. प्रकल्प पूर्ण झाला म्हणून मला कपाटात ठेवलं. श्रीगोंद्याची मुलं किती शनिवार वाट पाहत बसली असतील, या विचारानं अजून जीव तुटतो.

पुढच्या वर्षी, यशोधरा दहावीत असताना, सरांनी एकदा नकाशा काढायला कपाट उघडलं. मागे यशोधरा उभी होती.

"हल्ली काही विचारत नाहीस गं?"

"न्हाई सर. परीक्षेला काय येनार, तेवढं सांगा."

सर नकाशा न घेताच गेले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणीही फडक्यानं पुसेल. पण तुमच्या बाकावरचं कुणी विचारायचं थांबलं असेल, तर आधी त्याच्याकडे वळा. त्याचं ऐकून घेतल्याशिवाय पुढचा धडा सुरू होऊ देऊ नका.