रश्श्यानं भाजलेला पाय

माझ्या नवऱ्याचं नाव जोतीराम. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतंय म्हणं. ते कमी करायला फौंड्रीवाले बसलेत की, माझी काय गरज? आणि मी गेलो-आलो म्हणतो म्हणून हसायचं न्हाय. कोल्हापुरात आम्ही बायका असंच बोलतो.

तर शाहूपुरीतल्या दवाखान्यात हे पडलेले. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी, दोन बोटं काढलेली. हे लोखंड ओतायला जातात त्या फौंड्रीचा मॅनेजर धैर्यशील तिथं सफरचंदाची पिशवी घेऊन आला. पिशवी माझ्या हातात कोंबली आणि खिशातनं कागद काढला. त्यावर टाइप केलं होतं, की कामगार जोतीराम यांच्या पायावर राहत्या घरी तांबड्या रश्श्याचं उकळतं पातेलं सांडलं, कारखान्याचा संबंध नाही.

माझ्या घरात! माझ्या हातचा रस्सा! वीस वर्षं स्वयंपाक करतोय, कुणाच्या पायावर थेंब पडला न्हाय. ताटात झुरळ निघाल्यावर होतंय तसं झालं मला त्या माणसाकडं बघून.

खरं काय झालतं ते सांगतो. भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यापर्यंत न्यायला एक मोठी बादली असते, तिला लॅडल म्हणतात. तिला आतनं मातीचं अस्तर. ते खडखडीत वाळलेलं लागतंय. ओल राहिली आणि वरनं लोखंड पडलं, तर पाण्याची वाफ होऊन लोखंड उडतंय. म्हणून आधी बर्नर लावून लॅडल तापवायची. चूलमूल करणाऱ्या मला बी हे कळतंय.

खंडेनवमीला फौंड्रीत मशिनांची पूजा झाली. धैर्यशीलनं अख्खा कलश लॅडलमध्ये उपडा केला, काठावर नारळ फोडला, ते पाणी बी आतच गेलं. वर झेंडूची माळ घालून फोटो काढले. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू. माल घाईनं पाठवायचा होता. ह्यांनी सांगितलं, अस्तर ओलं हाय, पाऊण तास तापवूया. धैर्यशील म्हणाला, देवाचं पाणी हाय, त्यानं काय होत न्हाय, ओत. ह्यांनी ओतलं. लोखंड उडालं ते थेट पायावर, आणि पायात चप्पल. बूट होते की! कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, कुलूप लावून. माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे पावणे तपासणीला आले की वाटायचे, पावणे गेले की गोळा करायचे.

आता कागद कशाला, तर गेटवर एक बोर्ड हाय, 'अपघाताविना दिवस'. ज्या दिवशी हे भाजले त्या दिवशी त्यावर ३५८ होते. पुढच्या सोमवारी ३६५ होणार होते, आणि पुण्याची ती मोठी कंपनी त्याबद्दल ढाल द्यायला येणार होती. ढालीच्या आड माझ्या नवऱ्याची दोन बोटं आली.

ह्यांनी सही केली. मी हात धरला तर म्हणाले, नोकरी जाईल, गप बस. खोटं कशाला बोलू, मला ह्यांची बी किळस आली. भाजलेल्या माणसाची कीव यायला पायजे, कळत होतं मला. आली न्हाय.

आणि ह्यांच्या जागी लॅडलवर कोण उभा केला? राजवीर, माझा धाकटा भाऊ. शाहूवाडीत भातशेती करत होता, मीच आणून फौंड्रीत चिकटवला होता. तो दवाखान्यात आला आणि म्हणाला, सोमवारी पावण्यांसमोर लॅडलची परत पूजा हाय, लगेच लोखंड ओतून दाखवायचं हाय. मी म्हटलं, आधी बर्नर लाव. तर म्हणाला, आक्का, भावजींनी तेच सांगितलतं, त्यांचा पाय बघ.

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलचाच फोन. नारळ तुमच्या हातनं फोडायचा, कामगाराच्या घरची लक्ष्मी तुम्ही, मानाची साडी देतो. साडी देऊन माझं तोंड बंद करायचं होतं भाड्याला. मी म्हटलं, येतो की.

सोमवारी गेलो. गेटवरच्या ३६५ ला झेंडूची माळ. सगळ्यांच्या पायात कोरे बूट. आग विझवायच्या नळकांड्यांना ताजा लाल रंग मारून वर हळदीकुंकू लावलेलं. धैर्यशीलनं माइकवर भाषण केलं, परत कलश लॅडलमध्ये उपडा केला आणि नारळ माझ्या हातात दिला. लॅडलपाशी राजवीर उभा होता.

"साहेब, फोडतो मी," मी म्हटलं. "पण ओतताना राजवीरच्या जागी तुम्ही हुबं ऱ्हावा. देवाचंच पाणी हाय."

तो हसला. वहिनी चेष्टा करतात म्हणून पावण्यांना सांगू लागला. मी जाऊन त्याचं मनगट धरलं आणि लॅडलकडं ओढलं. भट्टी मागं पेटलेलीच होती. त्यानं हात हिसडला, दोन पावलं मागं सरला, आणि तोंडातनं निसटलंच.

"अहो सोडा, ओल्या लॅडलजवळ कोण उभं राहील? जीव जाईल."

माइक त्याच्याच हातात होता. सगळ्या शेडनं ऐकलं.

"मग माझ्या नवऱ्याला का हुबं केलंसा?"

राजवीर गेला आणि त्यानं बर्नर पेटवून लॅडलमध्ये सोडला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं आतनं पांढरी वाफ निघाली, भसाभसा, आणि निघतच राहिली.

पुण्याचा मोठा साहेब त्या वाफेकडं बघत होता. मला वाटलं, आता विचारंल, कोण भाजलं, कवा भाजलं. त्यानं घड्याळ बघितलं आणि जेवणाचं विचारलं. मग ढाल दिली, टाळ्या झाल्या, पंगत बसली. मला बी पान वाढलं होतं. मी नारळ त्या पानावर ठेवला आणि निघालो. गेटवरच्या बोर्डाखाली थुंकलो, चांगलं खाकरून.

संध्याकाळी राजवीर दवाखान्यात आला. लॅडल पूर्ण तापवून मगच लोखंड ओतलं, म्हणाला, आणि हितनं फुडं मी न विचारताच तापवणार. एवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बूट परत गोळा केले होते. उद्या सकाळी बोर्डावर ३६६ लावायचं काम त्यालाच सांगितलं होतं.

हे पडून ऐकत होते. मग मला विचारलं, "पावण्यांना जेवायला काय होतं?"

"तांबडा रस्सा," मी म्हटलं.

ह्यांनी चादर ओढून पाय झाकला.