सकाळची शांता

शांताबाई सकाळी शहाणी असायची आणि दुपारी दुश्मन.

सकाळी उठली की नवऱ्याला जवळ बसवून सांगायची, "आज मी कितीही रडली तरी पाणी देऊ नका. स्वरदाचं लेकरू पाहिल्याबिगर मले जायचं नाही." तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवर दिवस चालले होते. पाणी जास्त झालं तर छातीत भरेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. श्यामराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेला, मापाला पक्का माणूस. त्यानं तिचं पाणी मोजायला गोल बाजारातून एक चिमुकला स्टीलचा गिलास आणला आणि माठ आत ठेवून स्वयंपाकघराला कुलूप लावलं.

पण मे महिना होता, गुढियारी वस्तीतलं पत्र्याचं घर होतं. खिडकीतल्या कूलरच्या गवतावरून दिवसभर पाणी टपकत राहायचं आणि ती तिकडेच पाहत पडायची.

"कूलर पिऊन राहिला बघा. मी काय त्या कूलरच्याही खाली?"

"सकाळी तूच सांगितलं ना, शांते."

"सकाळी मले तहान नव्हती! त्या सकाळच्या बाईचं ऐकता, माह्यं काहून नाही ऐकत? ते काय तुमची जास्त लाडाची हाय?"

मग शिव्या. त्याच्या आईपासून सुरू करायची. शेजारची साहू दीदी दारातून म्हणायची, "दे दो न भैया, एक घूँट. इतना कठोर मत बनो." नागपूरहून फोनवर स्वरदा म्हणायची, "बाबा, आईचं ऐकू नका. तुम्ही ढिले पडले की संपलं." दोघींचंही श्यामरावाला पटायचं. आणि त्याला स्वतःलाही एक गोष्ट हवी होती, ती तो कोणाला सांगत नव्हता. घरात तासभर कोणी ओरडू नये, एवढंच.

त्या दिवशी दुपारी ती ओरडली नाही.

"अहो, इकडे या. सकाळी मी पोरीचा विचार करते. दुपारी हे अंग आपला विचार करते. दोन्ही मीच हाय ना? एक दिवस या दुसरीचंही ऐका."

श्यामराव स्वयंपाकघराकडे गेला. मग त्यानं कुलूप काढलं. चिमुकला गिलास तिथेच ठेवला आणि तांब्या भरून आणला. तिनं दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं. हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळ गेले.

"अजून."

त्यानं पुन्हा भरला.

"लग्नातला मठ्ठाही असा गोड नव्हता लागला," ती हसून म्हणाली. "तुमच्या मामानं पाणीच लई घातलं होतं त्यात."

तोही हसला. त्या रात्री तिला लवकर झोप लागली. ती शांत झोपलीय हे पाहून त्यालाही लागली.

सकाळी तो उठला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. छाती भात्यासारखी चालली होती, ओठ काळेनिळे पडले होते. उशाशी रिकामा तांब्या होता. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"काहून दिलं?"

"शांते, तूच म्हटलं ना..."

"मी रडली तरी देऊ नका, सांगितलं होतं ना मी."

पुढे तिला बोलवलं नाही. अॅम्ब्युलन्स तिला घेऊन रेल्वे फाटकापाशी अडकली होती, मालगाडी संपता संपत नव्हती. तिथेच ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारून नदीच्या काठी चिता रचली. मुलगा नव्हता, स्वरदाचे दिवस भरत आले होते, म्हणून सगळं श्यामरावानंच करायचं होतं. खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन तो चितेभोवती फिरू लागला. मागून त्याचा भाचा भार्गव आला, त्यानं रिवाजाप्रमाणे दगडानं मडक्याला भोक पाडलं. पाण्याची धार श्यामरावाच्या पाठीवरून जमिनीवर पडली आणि जमिनीनं ती तिथल्या तिथे पिऊन टाकली.

श्यामराव थांबला. त्यानं हात मागे नेऊन भोकावर तळवा दाबला.

"मामा, हात काढा," भार्गव हळूच म्हणाला. "मामीला पाणी मिळू द्या."

श्यामरावानं हात काढला नाही. बोटांच्या फटीतून पाणी गळतच होतं.

"अजून सकाळ आहे," तो म्हणाला. "सकाळी ती नको म्हणते."