तीन नंबरचा पाव

२०२१ च्या गटारीला, आठ ऑगस्टच्या रविवारी, माझ्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी डब्लिनमध्ये इटालियन बीफ सँडविचची स्पर्धा लावली आणि मला परीक्षा-नियंत्रक नेमलं. कारण एकच. मी जन्माची शाकाहारी, त्यामुळे मी फितूर होण्याची भीती नव्हती.

आदल्या वर्षी फेब्रुवारीत मी सहा आठवड्यांसाठी म्हणून विक्रांतकडे, डब्लिनच्या सँट्री भागात आले होते. मग विमानंच बंद झाली. त्या काळात इथली हॉटेलं मिटली आणि जागोजागी खाण्याच्या गाड्या उगवल्या. घोडे वाहून न्यायच्या जुन्या पेट्या, एका बाजूने खिडकी पाडलेल्या. आमच्या आसपास तीन गाड्यांवर हे सँडविच मिळायचं. भाजलेल्या मांसाचे कागदासारखे काप, त्याच्याच रश्शात बुचकळलेला पाव, वर मिरची-गाजराचं आंबट लोणचं. नाव इटालियन, जन्म म्हणे शिकागोचा, आणि खाणारे पुण्या-नागपूरचे.

"घरी नाही हं आणायचं," सूनबाई रेवतीने आधीच बजावलं होतं. "घरात देव आहेत."

म्हणून बागेत. देव बागेत येत नाहीत अशी तिची खात्री असावी.

गवतावर चादर पसरली. विक्रांतने मांडीवर लॅपटॉप घेऊन तक्ता उघडला: पाव, मांस, रस्सा, लोणचं, सगळं मिळून दहापैकी गुण. त्याचा मित्र संकेत मोटार घेऊन तिन्ही ठिकाणी जाऊन आला. कुठलं सँडविच कुठल्या गाडीवरचं, ते फक्त माझ्या चिठ्ठीवर. मी वेष्टनं काढली आणि चिमट्याने तुकडे कागदी ताटल्यांत मांडले.

"काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," संकेत म्हणाला. "ही आपली गाय नव्हे. जर्सी."

"तिला सांगितलंस का तसं?"

"आई, आता सुरू करू नकोस," विक्रांत म्हणाला.

चौथे परीक्षक नंदकुमार. इथल्या मराठी मंडळाचे सचिव. वय पन्नास, गुरुवार कडक, चतुर्थी कडक. "उद्यापासून श्रावण, कांदासुद्धा नाही," असं सांगत त्यांनी बाह्या दुमडल्या.

एक नंबरला पाव चिवट ठरला. दोन नंबरचा रस्सा पाणचट. तीन नंबरचा घास घेतल्यावर मात्र रेवतीने डोळे मिटले. नंदकुमारांच्या हनुवटीवरून ओघळ कॉलरपर्यंत गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"वा! ह्याला म्हणतात हात," ते म्हणाले. "साडेनऊ लिही. अर्धा ठेवतो, नाहीतर माज चढेल त्याला."

तीन नंबर ही टायरच्या दुकानामागची 'पापा लूका' नावाची गाडी होती. बाकीच्यांना इतकंच माहीत होतं की इंटरनेटवर तिची फार तारीफ आहे. मला आणखी एक गोष्ट माहीत होती. पापा लूका म्हणजे आमच्या मंडळातला रमेश.

रमेश नागपूरचा. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात आठ वर्षं आचारी होता. ते बंद पडलं. वर्षभर घरी बसून त्याने ही गाडी लावली. खिडकीत एक आयरिश बाई उभी राहायची, रमेश आत पडद्यामागे. त्याची बायको अलकनंदा हे मला एकदा हळूच सांगून गेली होती. "कुणाला बोलू नका काकू." त्या वर्षी गणपतीचे पाचशे एक मोदक करायचं काम मंडळाने पहिल्यांदाच तिला दिलं होतं. नागपूरकडे तळणीचे करतात, म्हणून जूनपासून ती माझ्याकडे उकड काढायला शिकत होती. बोटं भाजून घेत होती. इथे सात वर्षं काढूनही मंडळात तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. रमेशची मिसेस म्हणायचे. ह्या मोदकांवर तिची सगळी भिस्त होती.

नंदकुमारांनी हनुवटी पुसली. "विक्रांत, विसरण्याआधी सांगतो. मोदकांसाठी दुसरं कुणीतरी बघायला लागेल. तो रमेश कुठेतरी बीफ विकतो असं कानावर आलंय."

"ओह नो," रेवती म्हणाली. तिच्या हातात तीन नंबरचा दुसरा तुकडा होता.

"अजून कन्फर्म नाही. पण खरं असेल तर त्या घरातला नैवेद्य बाप्पाला? लोक काय म्हणतील?"

"आणि तुम्ही आत्ता काय खाताय, नंदकुमार?" मी विचारलं.

"काकू, खाणं वेगळं. आपण वर्षातनं एक-दोनदा खातो, अंघोळ करतो, विषय संपला. विकणं म्हणजे धंदा झाला. रोजचा संबंध."

मला आमची पुण्याची गच्ची आठवली. साल बासष्ट, मी एकोणीस वर्षांची नवी सून. सासरे आणि त्यांचे वकील मित्र दर गटारीला गच्चीवर स्टोव्ह नेऊन मटण करवून घ्यायचे. शिजवायला लीलावतीबाई यायच्या. त्यांच्या रश्शासाठी माणसं ताटं चाटायची; मी जिन्यात उभी राहून पाहिलंय. मार्गशीर्षात सवाष्ण बोलवायची वेळ आली तेव्हा मी त्यांचं नाव सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या हाताला वास असतो गं." वास हातालाच तेवढा. वकिलांच्या तोंडांना नव्हता. मी गप्प बसले. लीलावतीबाई पुढच्या वर्षीही आल्या, आणि मला पाहून हसल्या, हे त्याहून वाईट.

तेव्हा गप्प बसले होते म्हणून ह्या वेळी मला बोलायची घाई झाली. मी चिठ्ठी उघडली.

"साडेनऊ गुण मिळालेत ते रमेशला. पापा लूका तोच. आता सांगा, त्याच्या हातात खोट काय आहे?"

मला वाटलं होतं, माना खाली जातील. क्षणभर गेल्याही. मग नंदकुमारांनी ताटली लांब सरकवली.

"म्हणजे कन्फर्म झालं," ते म्हणाले.

"तरीच मला मीठ जास्त वाटत होतं," संकेत म्हणाला.

"रस्सा जरा तेलकट आहे," रेवती. तुकडा संपला होता.

आणि माझ्या पोटच्या पोराने साडेनऊ खोडून सहा केले. एक नंबरचा चिवट पाव जिंकला. अलकनंदाचं काम काढून घ्यायचा ठराव त्याच चादरीवर, त्याच तेलकट हातांनी मंजूर झाला. नंदकुमारांना पुरावा हवा होता, तो मीच वाढला.

अलकनंदाला सांगायला मी स्वतः गेले. ती दारातच उभी राहिली.

"तुम्हीच सांगितलं का हो काकू?"

"हो. मला वाटलं होतं, लाजतील."

"लाजतील?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

महिनाभर तिने फोन उचलला नाही. मी दोनदा तिच्या इमारतीखालून परत आले. गणपतीच्या आदल्या दिवशी तिचाच फोन आला. "घरच्या बाप्पाचे एकवीस करायचे आहेत. उकडीला गाठी होतात. याल?" आवाजात गोडवा नव्हता. तिला उकड हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. ती फारसं बोलली नाही, पण पारी मात्र अशी केली की कळ्या मोजून अकरा. रमेश ओट्याकडे पाठ करून कपबशा विसळत होता. पहिली वाफ धरली तेवढ्यात विक्रांतचा फोन.

"आई, आहेस कुठे? हॉलवर सगळे थांबलेत. पहिली आरती तुझ्या हातून करायचं ठरलंय."

"मी रमेशकडे आहे. बीफवाल्याकडे. इथे नैवेद्य व्हायचाय."

"आई, हळू बोल! स्पीकर चालू आहे. झूमवर दीडशे घरं आहेत!"

"मग बरंच झालं. नंदकुमार आहेत का तिथे? त्यांना म्हणावं, आरती तुम्ही करा. श्रावणात कांदा नाही खाल्लात ना, झालं मग."

पलीकडे काहीतरी खरखरलं, स्पीकर बंद झाला असावा. मग विक्रांतचा आवाज आला, खूप खालचा. "आई, ते दुकानातनं फ्रोझन मोदक आणले होते ना, ते सगळे फुटले. नुसता चिखल झालाय. तिथे आहेत का थोडे जास्तीचे?"

मी फोनवर हात ठेवला आणि अलकनंदाकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. ह्या वेळी तिच्या वतीने उत्तर द्यायची मला घाई नव्हती.

तिने हात पदराला पुसून फोन माझ्या हातातून घेतला.

"विक्रांतदादा, अलकनंदा बोलतेय," ती म्हणाली. "मोजून एकवीस आहेत. दर्शनाला या. या घरात बसून खायचे असतील तर एकेक देईन. डब्यात भरून नाही मिळणार."