जोडीचा शिंपला

लेकाने हातातली सुई काढून घेतली तेव्हापासून म्हातारी त्याच्याशी धड बोलली नव्हती. एकोणीस वर्षं त्याच्या दगड झालेल्या शिंपल्यांमधली माती तिने सुईने कोरली, ब्रशने झाडली, आणि आता म्हणे, "आई, हा एक राहू दे. तुझा हात थरथरतो."

"हात थरथरतो म्हणे!" ती सुनेला ऐकवत होती. "याच हातांनी न्हाऊ घातलंय त्याला. आता घरात पाऊल टाकलं की दार लावून बसतो. माणसांशी बोलायला तोंड नाही, शिंपल्यांशी मात्र गुजगोष्टी!"

सून भांडी पुसता पुसता हसली. "अहो आई, नाव तुमचंच दिलंय ना त्या नव्या शिंपल्याला? मग रुसता कशाला?"

ते खरंच होतं. म्युझियममध्ये जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेल्या शिंपल्यांना चिठ्ठ्या डकवणाऱ्या तिच्या लेकाला निवृत्तीच्या तोंडावर स्वतःचं काही सापडलं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला शिंपला, एक शिंप कंगोऱ्यांची आणि दुसरी साफ गुळगुळीत. अशी जोडी जगात कुठे नाही, म्हणून नवी प्रजाती.

"प्रजाती म्हणजे रे?" तिने विचारलं होतं.

"आख्खं घराणंच म्हण. पुढे कितीही जाती निघाल्या तरी प्रत्येकीच्या आधी तुझं नाव."

तिला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी ती आरशासमोर दोनदा जाऊन उभी राहिली.

आज ते नाव शास्त्राच्या मासिकात छापून आलं होतं. म्युझियममध्ये त्याचा सत्कार होता. तो घरी नाही असं बघून म्हातारी त्याच्या खोलीत शिरली. आपल्या नावाचा शिंपला आपणच बघायचा नाही, हा कुठला न्याय?

डबीत कापसावर दोन्ही शिंपा शेजारी शेजारी होत्या. तिने त्या उचलून मिटल्या. मिटेनात. एकीचा दात दुसरीच्या खाचेत अलगद बसतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिने पुन्हा बसवून पाहिलं. जोडी बशीवर उपड्या ठेवलेल्या कपासारखी डुगडुगली.

तिने कापूस उचलला. खाली त्याच्याच अक्षरातल्या दोन जुन्या चिठ्ठ्या होत्या. अक्षरं तिला जड जात, आकडे नाही. दोन चिठ्ठ्या, शिंपा सापडल्याच्या दोन तारखा, मध्ये आठ वर्षं. खोटी जोडी लावणाऱ्या तिच्या लेकाला चिठ्ठी फेकणं मात्र जमलं नव्हतं.

फुलांचा गुच्छ घेऊन तो दारात आला, तेव्हा ती त्याच्या खुर्चीत बसली होती.

"आई, हात कशाला लावलास?"

"दात लागत नाहीत याचे."

त्याने गुच्छ खाली ठेवला. बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत राहिला.

"वाटलं, खरी जोडी असेलच कुठेतरी," तो म्हणाला. "छापून येईपर्यंत सापडेल."

"सापडली?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "एकतीस वर्षं चिठ्ठ्याच डकवल्या गं, आई. एक तरी नाव माझ्या हातून लागावं..."

"माझं लावलंस! आता पत्र लिही त्या छापणाऱ्यांना. खोडा म्हणावं."

"खोडता येत नाही. खोटं ठरलं तरी नाव यादीत राहतं. शेजारी लिहितात, चुकीचं म्हणून. कायमचं."

बाहेरून सून विचारत होती, सत्कार कसा झाला? म्हातारीने एक शिंप टेबलाच्या या टोकाला ठेवली, दुसरी त्या टोकाला, आणि ज्या त्या शिंपेखाली जिची तिची चिठ्ठी सरकवली. सुईएवढाही धक्का लागला नाही.

"बघितलंस?" ती उठत म्हणाली. "माझा नाही थरथरत. तुझा थरथरायला हवा होता रे."